‘इंडियन’ म्हणजे कुठलं? हेस्टिंग्जचा एक डाव आणि मागची शंभर वर्षं

बुद्धिबळाची पुस्तकं चाळणाऱ्या कोणालाही एक गोष्ट लगेच दिसते. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन, ओल्ड इंडियन.. सुरुवातींच्या यादीत आपल्या देशाचं नाव इतक्या वेळा येतं की वाटावं, या सगळ्या चाली इथूनच गेल्या असणार. मग खाली खेळाडूंची नावं बघावी, तर जर्मन, रशियन, हंगेरियन, डच. आनंदच्या आधीच्या काळातली पुस्तकं घेतली तर त्यात भारतीय नाव शोधावं लागतं. मग हे ‘इंडियन’ आलं कुठून?

या प्रश्नाच्या मागे लागलो आणि १९३० सालच्या एका डावापाशी येऊन अडकलो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. ज्यांना बुद्धिबळात गती नाही त्यांनीही वाचावं, चालींचं जंगल फारसं नाही (थोडंसं आहे, पण ओलांडता येईल असं).

आधी आपल्याकडचा खेळ. आज शाळेत पोरं शिकतात ते आंतरराष्ट्रीय नियमांचं बुद्धिबळ. पण घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कोणाला विचारा, ‘देशी’ डावाची आठवण निघेल. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळायची, तीही शह बसलेला नसेल तरच. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं, हवा तो वजीर मागता यायचा नाही. सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला की ‘बुर्जी’, म्हणजे जिंकूनही न जिंकल्यासारखंच. आणि प्याद्याने मात केली तर त्याची चर्चा पुढचे चार दिवस. गावोगाव नियमात थोडाफार फरक असे, त्यावरून भांडणंही होत. आमच्याकडे राजाच्या त्या अडीच घरांच्या उडीवरून दोन भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, असं ऐकलंय.

या नियमांत महत्त्वाचं आहे ते एकेक घर चालणारं प्यादं. दोन घरांची उडी असली की दोन-तीन चालींत दोन्ही सैन्यं पटाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात. एकेक घर सरकायचं असेल तर भिडायला वेळ लागतो. मग माणूस आधी घर लावून घेतो. घोड्याच्या पुढचं प्यादं एक घर सरकवतो, त्या मोकळ्या जागेत उंट ठेवतो, तो उंट तिथून लांबचा कर्ण धरून बसतो. मध्यावर घाई नाही. समोरचा येऊ दे, मग बघू.

आता कलकत्त्याला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करत होता. बुद्धिबळात मोठं नाव. लंडनला रजेवर गेला तेव्हा थेट स्टाँटनशी शेकडो डाव खेळून आला होता. स्वभावाने हल्लेखोर. पेट्रॉफ बचावाविरुद्ध चौथ्याच चालीला घोडा देऊन राजाला उघड्यावर आणायचं, ही त्याची खोड आज ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणून ओळखली जाते. ती त्याने १८४८ साली कलकत्त्यात एका बंगाली माणसाविरुद्ध वापरली. त्या माणसाचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी मासिकांत ते ‘मोहेशचंदर’ असं छापून यायचं.

महेशचंद्र मोफसलातला ब्राह्मण, देशी पद्धतीवर घडलेला. गावाकडे कोणाला हार न जाणारा माणूस म्हणून त्याची ख्याती कलकत्त्याच्या साहेबांपर्यंत पोचली आणि त्याला कॉक्रनसमोर आणून बसवलं. पुढची काही वर्षं दोघांत शेकडो डाव झाले. कॉक्रनने ते टिपून ठेवले, काही लंडनच्या मासिकांत छापून आले, म्हणून आज आपल्या हातात आहेत. त्यांत महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी काय करतो? घोडा बाहेर काढतो, घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतो, उंट तिथे बसवतो. युरोपच्या पुस्तकाप्रमाणे मध्यावर दोन प्यादी ठोकून बसायचं, तर हा माणूस मध्य समोरच्याला देऊन टाकतो आणि कडेने गोळ्या झाडतो. इंग्रजी नियम शिकला, पण हाताला वळण देशीच राहिलं.

१८५५ सालच्या एका डावात तर त्याने या मांडणीसोबत वजिराच्या पुढचं प्यादं तिसऱ्या चालीला दोन घरं पुढे फेकलं. ही सुरुवात आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून ओळखली जाते, कारण व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये स्पर्धांत आणली. मधे सदुसष्ट वर्षं. महेशचंद्र तो डाव हरला हेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी प्रतिक्रियेत लिहीलच.

‘इंडियन बचाव’ हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात १८८४ पासून सापडतो आणि तो महेशचंद्राच्या खेळण्यावरूनच पडला असं तेव्हाच नोंदवलेलं आहे. म्हणजे नाव उगाच पडलेलं नाही. पण त्यात एक छटा होतीच. आपण ‘गावठी’ म्हणतो ना, तशी. योग्य पद्धत युरोपची, ही आपली एक तिकडची तऱ्हा. पहिलं महायुद्ध संपल्यावर निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर अशा मंडळींनी जाहीर केलं की मध्य प्याद्यांनी भरायलाच हवा असं काही नाही, तो लांबून उंटांनीही ताब्यात ठेवता येतो. याला ‘हायपरमॉडर्न’ म्हणाले. अत्याधुनिक! कलकत्त्याला सत्तर वर्षांपूर्वी जे गावठी होतं तेच. या लोकांनी ते चोरलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी त्यामागे विचार उभा केला, पुस्तकं लिहिली. पण नाव मात्र ‘इंडियन’च राहिलं आणि त्या नावाखाली भारतीय कोणी नव्हता.

मग १९२९ मध्ये एक आला.

मीर सुलतान खान. पंजाबात सरगोध्याच्या बाजूला मिठा टिवाणा म्हणून गाव आहे, तिथला. जन्म १९०३ चा. बापाकडून नवव्या वर्षी देशी बुद्धिबळ शिकला. त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांना खेळाचा नाद, त्यांनी याला आपल्याकडे ठेवलं आणि युरोपियन नियम शिकवले, तेही विशीत गेल्यावर. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खानने नऊ डावांत साडेआठ गुण केले. पुढच्या वर्षी उमर हयात खान लंडनला गेले तेव्हा त्याला बरोबर घेऊन गेले. तिथे सुरुवातीला एका छोट्या स्पर्धेत त्याचं फारसं काही जमलं नाही. विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्याला सुरुवातीच्या चालींची तयारी करून दिली आणि काही महिन्यांत, १९२९ च्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला, हा माणूस ब्रिटिश विजेता झाला. सगळ्यांच्या भुवया वर.

इंग्लंडच्या हवेने त्याला छळलं. हिवताप, सर्दी, घसा, काही ना काही चालूच. तरी १९३० ते १९३३ मधल्या तीन ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसला. आणि १९३० च्या नाताळात हेस्टिंग्जला त्याच्यासमोर आला होजे राउल कापाब्लांका.

कापाब्लांका कोण हे नव्याने सांगायला नको, पण तरी. क्यूबाचा, १९२१ ते १९२७ जगज्जेता. एकदा आठ वर्षं एकही डाव हरला नव्हता. त्याचा खेळ इतका स्वच्छ की यंत्र म्हणत. १९३० मध्ये मुकुट अलेखिनकडे गेलेला होता, पण कापाला हरवणं म्हणजे अजूनही वर्तमानपत्रात बातमी.

सुलतान खान पांढरा. कापाब्लांकाने काळ्याकडून कोणती सुरुवात निवडली असेल? क्वीन्स इंडियन! वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे, उंट त्याच्या मागे लांब कर्णावर. म्हणजे क्यूबाचा माणूस ‘हिंदुस्थानी’ बचाव खेळतोय आणि समोर बसलेल्या खऱ्या हिंदुस्थान्याला तो मोडायचा आहे. इतकी सरळ गंमत कादंबरीत लिहिली तर कोणी पटवून घेणार नाही.

पाचव्या चालीला सुलतान खानने काय केलं ते नीट बघा. कडेचं, ए स्तंभातलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस्स. बघणाऱ्याला वाटेल, याला काही सुचलं नाही. सुलतान खानबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक वाक्य हमखास असतं: त्याला सुरुवातींचं ज्ञान नव्हतं, तो नुसत्या उपजत बुद्धीवर खेळायचा. असं प्यादं दिसलं की ते वाक्य पक्कं होतं. देशी सवय, एकेक घर!

पण ती चाल काय करते? काळ्याचा दुसरा उंट बी ४ वर येऊन पांढऱ्याच्या घोड्याला राजाशी खिळवून ठेवणार असतो. क्वीन्स इंडियनमध्ये काळ्याचा निम्मा जीव त्या खिळ्यात असतो. कडेचं प्यादं एक घर सरकलं की ते दार बंद. त्यानंतर मध्यावर पांढरा मोकळा.

आता हे वाचा. साठच्या दशकात जगज्जेता टिग्रान पेट्रोस्यान क्वीन्स इंडियनविरुद्ध हेच प्यादं हेच एक घर सरकवायचा; त्या पद्धतीला त्याचं नाव मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोवळ्या कॅस्पारोव्हने तीच पद्धत हातात घेतली आणि एकामागून एक लोक झोपवले, तेव्हा जगभर तिची फॅशन आली. चालींचा क्रम थोडा वेगळा, पण सहाव्या चालीनंतर पांढऱ्याची आणि काळ्याची मोहरी पेट्रोस्यान पद्धतीत जिथे असतात, बरोब्बर तिथेच १९३० च्या हेस्टिंग्जला होती. हवं तर पट मांडून पडताळा. घोडा एफ ३, घोडा एफ ६. डी ४, बी ६. सी ४, उंट बी ७. घोडा सी ३, ई ६. ए ३, डी ५. आणि सहाव्या चालीला सीचं प्यादं डी ५ वर मारतं.

जगात पहिल्यांदा सुलतान खाननेच ही चाल केली, असा झेंडा मला रोवायचा नाही. मुद्दा निराळा आहे. पेट्रोस्यानने केली तर ती ‘प्रतिबंधक विचाराची खोली’, कॅस्पारोव्हने केली तर ‘आधुनिक तयारी’, आणि सुलतान खानने केली तर ‘उपजत’. हे मला पटत नाही. त्याचे काही डाव सुरुवातीलाच बिघडलेले आहेत, ते मी पाहिलेत, त्यात शंका नाही. इंग्रजी पुस्तकांची पाठांतरं त्याच्याकडे नव्हती. पण लहानपणापासून दुसऱ्या नियमांचा खेळ खेळलेल्या माणसाकडे दुसरं ज्ञान असतं. घाई न करता कुठलं दार आधी लावावं, हे त्याला ठाऊक होतं. त्यालाही ज्ञानच म्हणायला हवं की नको?

पुढचा डाव थोडक्यात. बाराव्या चालीला पांढऱ्याचा घोडा काळ्याच्या गोटात घुसला, त्यापायी कापाब्लांकाची प्यादी एकामागे एक अशी वेडीवाकडी झाली. मग सुलतान खानने राजाच्या बाजूची प्यादी हाकायला सुरुवात केली, राजा मध्येच ठेवून! किल्लेकोट त्याने या डावात केलाच नाही. (देशी खेळात तो नसतोच, राजा बाहेर उभा राहायला घाबरत नाही.) एकविसाव्या चालीला त्याचा उंट काळ्याच्या हत्तीवर नेम धरून आला, तेव्हा कापाने सी स्तंभातून शहांची सरबत्ती केली आणि दोन हत्ती देऊन वजीर घेतला. कागदावर हे फार वाईट नाही. कापाचा वजीर लगेच पांढऱ्या राजाच्या अंगणात शिरला. अनेकांनी इथे घाबरून काहीतरी केलं असतं. सुलतान खानने दोन्ही हत्ती शांतपणे आणून बसवले, वजिराच्या एकेका वाटेवर माणूस उभा केला आणि त्याला परत हाकललं. वजीर पटावरचं सगळ्यात ताकदवान मोहरं, पण जायला जागा नसेल तर काय करणार. त्यानंतर चाळीसेक चाली नुसतं आवळणं. पासष्ट चालींनंतर कापाब्लांकाने डाव सोडला.

त्या स्पर्धेत कापा फक्त हा एकच डाव हरला. युव्हे पहिला, सात गुण, कापाब्लांका साडेसहा, सुलतान खान सहा गुणांनी तिसरा. आणि कापाचं मोठेपण असं की त्याने पुढे सुलतान खानच्या बुद्धिमत्तेबद्दल असाधारण हाच शब्द वापरला. १९३१ मध्ये सुलतान खानने टार्टाकोव्हरला बारा डावांच्या सामन्यात हरवलं, प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये फ्लोर आणि रुबिनस्टाइनला पाडलं, १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश विजेता झाला. १९३३ लाच महिलांचं ब्रिटिश विजेतेपद जिंकलं मिस फातिमाने, ती सुद्धा सर उमर हयात खानांच्याच घरची. एका बिऱ्हाडात साम्राज्याचे दोन विजेते.

त्या वर्षाअखेर उमर हयात खान परतले, सुलतान खानही परतला. संपलं. १९३५ मध्ये त्याने आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळला, नऊ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. त्यानंतर स्पर्धांतून त्याचं नाव दिसत नाही. वय किती? बत्तीस.

त्याची गोष्ट जगाला कळली ती मुख्यतः अमेरिकन ग्रँडमास्टर र्‍यूबेन फाइनने सांगितलेल्या आठवणीतून. १९३३ च्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकन संघाला ‘महाराजांच्या’ घरी जेवायला बोलावलं होतं आणि वाढायला कोण, तर सुलतान खान. (टिवाणा महाराज नव्हते, जमीनदार होते, पण अमेरिकन माणसाला तेवढा फरक कोण सांगणार.) हा किस्सा इतका चटकदार आहे की पुढच्या प्रत्येकाने तो उचलला: अक्षरशत्रू नोकर, मालकाने आणला, जग जिंकलं, मालकाने परत नेला. २०२० मध्ये इंग्रज ग्रँडमास्टर डॅनियल किंगने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या उपशीर्षकातच ‘नोकर’ हा शब्द आहे. त्यावर सुलतान खानच्या नातीने जाहीर आक्षेप घेतला: आजोबा नोकर नव्हते आणि निरक्षरही नव्हते.

मला दोन्ही बाजू वाचून असं वाटलं, की आश्रित कलावंत आणि नोकर यातला फरक आपल्याला जितका सहज कळतो तितका तिकडच्यांना कळत नाही. आपल्या संस्थानांत गवई होते, पहिलवान होते. दरबारच्या जेवणावळीत असा माणूस पाहुण्यांना आग्रहाने वाढायला पुढे झाला, तर तो वाढपी ठरत नाही. अर्थात त्याची ये-जा मालकाच्या मर्जीवर होती हेही खरंच. लंडन सोडायचं की नाही हे सुलतान खानला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

१९४७ ला मिठा टिवाणा पाकिस्तानात गेलं. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, सत्तावीस जणांना. यादीत खेळ कधीच सोडलेलेही होते, जुन्या कामगिरीबद्दल मान म्हणून. रुबिनस्टाइन होता, फ्लोर होता, टार्टाकोव्हर होता. तिघांनाही सुलतान खानने हरवलेलं. ग्रुनफेल्डही होता. सुलतान खान तेव्हा जिवंत होता, सत्तेचाळीस वर्षांचा, गावाकडे शेती बघत होता. त्याचं नाव नव्हतं.

१९६६ च्या एप्रिलमध्ये क्षयाने तो सरगोध्यात गेला. मुलांना त्याने बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात यापेक्षा उपयोगाचं काहीतरी करा, असं तो त्यांना म्हणायचा असं सांगतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर जाहीर केलं. पाकिस्तानचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून.